मुंगीचा पंचनामा

माझं दूध नापास झालं ते एका मुंगीमुळे. आज मी हे हसत सांगते. तेव्हा मला मुळीच हसू आलं नव्हतं.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मध्य प्रदेशातल्या बालाघाटला माझं सासर. सासरे तहसील कचेरीतून निवृत्त झालेले आणि नवरा वारासिवनीच्या सरकारी दफ्तरात, रोज बसने जाऊन-येऊन. घरात सगळं रीतसर चालायचं. मांजरानं दूध सांडलं तरी सासरे आधी विचारायचे, कोणी पाहिलं, किती वाजता पाहिलं. मुलगी झाली तेव्हा दवाखान्यातल्या नर्सनं मला बजावलं होतं, चार महिने फक्त अंगावरचं दूध, पाण्याचा थेंबही नको. घरी येऊन मी तसं सांगितलं.

"लिहून देल्लं का तिनं?" सासऱ्यांनी विचारलं.

दिलं नव्हतं. तो विषय तिथंच संपला.

दोन महिने बरे गेले. मग मुलगी दिवेलागणीला रडायला लागली. दिवसभर शहाणी, आणि कंदिलाची काच पुसायला घेतली की हिचा सूर लागायचा. त्या वयाची पुष्कळ पोरं संध्याकाळी उगीच रडतात, हे मला आता ठाऊक आहे. पण आमच्या घरात उगीच काही घडत नसे.

"दूधच पुरत नसन तिले," सासूबाई म्हणाल्या.

"पुरते ना, आई," मी म्हणाले. माझा पदर कायम ओला असायचा, पण हा पुरावा सासऱ्यांपुढे मांडण्यासारखा नव्हता.

शेजारीण किरनापूरची, हिंदी बोलणारी. तिनं कुंपणापलीकडून उपाय सांगितला. "कटोरी में दूध निकालो, काली चींटी छोड़ो. चींटी मर गई तो दूध भारी है, बच्ची को पचेगा नहीं."

सासूबाईंना ते लगेच पटलं, कारण त्यांच्या माहेरीही असंच करत. सासऱ्यांना पटलं ते वेगळ्याच कारणानं. निवृत्तीनंतर त्यांच्या हाती एकही चौकशी आली नव्हती.

रविवारी, नवरा घरी असताना, ओसरीवर स्टूल मांडलं गेलं. मी आतल्या खोलीत वाटीभर दूध काढून आणलं. सासऱ्यांनी कागदावर 'पंचनामा' लिहून खाली रेघ मारली. पंच दोन, शेजारीण आणि माझा नवरा. पहिली मुंगी वाटीच्या काठावरून परत फिरली. ती गैरहजर धरली. दुसरी पडली, थोडे पाय हलवले आणि मेली. मी म्हटलं, अजून एक पाहू. तिसरी पोहून बाहेर आली आणि मला वाटलं, सुटले. पण सासूबाईंनी वाकून पाहिलं.

"हे लाल हाय," त्या म्हणाल्या. तिसरी रद्द झाली.

"मामाजी, पान्यात टाकली तरी मरनच ना मुंगी," मी सासऱ्यांना म्हणाले.

"पान्याची चौकशी चालू नाही," सासरे म्हणाले.

निकाल असा लागला की फेरचाचणी होईपर्यंत मुलीला डब्यातलं पावडरचं दूध बाटलीनं द्यायचं आणि माझं बंद. नवऱ्यानं मान खाली घालून सही केली. त्या सहीचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

दुसऱ्या दिवशी मी डब्यातलं दूध वाटीत कालवलं आणि त्यात मुंगी सोडली. तीही मेली. वाटी तशीच सासऱ्यांपुढे नेऊन ठेवली. त्यांनी चष्मा लावून वाटी पाहिली, मग डबा फिरवून फिरवून वाचला.

"सूनबाई, याच्यावर सरकारी छाप हाय," ते म्हणाले. "छापाच्या मालाले मुंगी लागत नाही."

चोरून का पाजलं नाही, असं माझी मुलगी आता विचारते. दोन खोल्यांच्या घरात काय चोरणार? आणि खरं सांगायचं तर, मेलेली मुंगी मी डोळ्यांनी पाहिली होती. तर्क कितीही केला तरी मुलीला जवळ घेतलं की ती मुंगीच आठवायची. मला माझ्याच दुधाची भीती वाटायला लागली होती.

फेरचाचणी मात्र होईना. थंडी पडली आणि काळ्या मुंग्या कुठं गेल्या कोण जाणे. सासरे गुळाचा खडा घेऊन रोज सकाळी अंगणात फिरायचे आणि रिकाम्या हातानं यायचे. लाल चालणार नव्हती. मी दूध पिळून शेवग्याच्या बुंध्याशी ओतायची. शेवग्यानं कधी काही हरकत घेतली नाही. छाती दगडासारखी व्हायची, अंगात कणकण भरायची. मग हळूहळू दुखणं कमी झालं. दुखणं कमी झालं म्हणून मला बरंसुद्धा वाटलं, इतकी मी अडाणी होते.

संक्रांतीला तिळगुळाच्या डब्याला मुंगी लागली. काळी. सासऱ्यांनी ती काडेपेटीत धरली आणि शेजारणीला हाक मारली. स्टूल आलं, कागद आला. मी वाटी घेऊन आत गेले. बराच वेळ बसले. बाहेरून सासूबाईंनी दोनदा विचारलं, झालं का. वाटीच्या बुडाशी चार-पाच थेंब जमले होते, तेवढे घेऊन मी बाहेर आले.

मुंगी सोडली. ती थेंबांच्या कडेनं चालत गेली, मध्ये थांबून मिशा हलवल्या आणि वाटी चढून बाहेर आली. तिथं बुडायला होतं काय?

"पास," सासरे म्हणाले. खरंच आनंद झाला होता त्यांना. 'मुंगी सुखरूप, दूध निर्दोष' असं त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं. शेजारणीनं अंगठा दिला, नवऱ्यानं सही केली. सासूबाईंनी स्वतः पोरीला आणून माझ्या मांडीवर दिलं आणि पदर नीट केला.

"पाज आता पोटभर," त्या म्हणाल्या.

मुलीनं एकदा तोंड लावलं, सोडलं आणि मान वळवून बाटली शोधायला लागली. मी पुन्हा जवळ घेतलं, तिनं पुन्हा मान वळवली. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं.

"काहून रडून राह्यली वो?" सासूबाईंनी विचारलं. "दूध पास झालं ना आता."