काळ्या पिशवीतला निरोप

डगने काळ्या पिशव्यांचं बंडल माझ्या टेबलावर टाकलं आणि म्हणाला, "इनास, उद्याच्या प्रॅक्टिसआधी कोडीचा लॉकर रिकामा कर."

मी शिलाई मशीनवर होतो. एका जर्सीचा खांदा उसवला होता, तो जोडत होतो. पेडलवरचा पाय उचलला.

"कोडीला सांगितलंय?"

"लॉकर बघितला की कळेल त्याला."

"म्हणजे नाही सांगितलं."

"इनास, इट्स अ बॅग. शवपेटी नाही." एवढं बोलून तो दाराकडे निघाला. डगला वाईट बातमी द्यायची असली की तो नेहमी दाराच्या दिशेने तोंड करून बोलायचा.

मी कोण, ते आधी सांगतो. वसईच्या पट्ट्यातला. आठवीत शाळा सोडली आणि मामाच्या हाताखाली शिवणकाम शिकलो. फिरत फिरत कॅनडात ओंटारियोतल्या एका छोट्या शहरात आलो. ही २०१६-१७ च्या सुमाराची गोष्ट. डगची मोठी लाँड्री होती, हॉटेलांच्या चादरी धुणारी. त्याच लाँड्रीच्या पैशावर त्याने एक फुटबॉल टीम पाळली होती. मोठ्या लीगमधली नव्हे, सेमी-प्रो. म्हणजे खेळाडू दिवसा आपापल्या नोकऱ्या करणार, संध्याकाळी प्रॅक्टिस, शनिवारी मॅच. सकाळी मी चादरी बघायचो आणि दुपारनंतर टीमचं सामान. हेल्मेटचे स्क्रू, खांद्याचे पॅड, धुणं, शिवणं, सगळं. हुद्दा मात्र झकास होता, इक्विपमेंट मॅनेजर. बायकोला कळवलं तेव्हा ती म्हणाली, "मॅनेजर आणि धुणं पण तूच धुतोस?"

इथला फुटबॉल आपल्यासारखा पायाने खेळत नाहीत. चेंडू हातात घेऊन पळतात किंवा फेकतात. चेंडूही लांबट, न सोललेल्या नारळाएवढा. प्रत्येक चाल सुरू होताना तो चेंडू एकाच माणसाच्या हातात येतो. तो क्वार्टरबॅक. कुणाकडे फेकायचा, कुणाच्या पोटाशी द्यायचा की स्वतःच पळायचं, हे त्याने श्वास घ्यायच्या आत ठरवायचं. तेवढ्यात समोरून रेड्यासारखी माणसं त्याला आडवं करायला सुटलेली असतात. आमच्याकडे लग्नात ब्रास बँड असतो. त्यात ट्रम्पेटवाला बेसूर झाला तरी लोक बँडमास्टरकडे बघतात. क्वार्टरबॅकचं तसंच. टीम हरली की तो हरला.

आमचा बँडमास्टर कोडी. दिवसा घरांची छपरं बसवायचा. वय या खेळाच्या मानाने झालेलं, गुडघा बांधलेला. त्या सीझनमध्ये टीम लागोपाठ हरत होती. शेवटच्या मॅचमध्ये त्याने फेकलेले चेंडू आपल्या माणसांपेक्षा समोरच्यांनीच जास्त झेलले. अजून दोन मॅच हरलो असतो तर प्लेऑफ, म्हणजे शेवटची बाद फेरी, गेलं असतं, आणि प्लेऑफ गेलं की स्पॉन्सर गेले. म्हणून डगने हद्दीपलीकडून, अमेरिकेतून, एक नवा क्वार्टरबॅक शोधला होता, जेरेमी. ताज्या दमाचा, हात लांब. त्याला घ्यायचं की कोडीलाच ठेवायचं, यावर हेड कोच रे अजून डोकं खाजवत होता. डगचं मात्र ठरलं होतं.

आता पिशवीचं. आमच्याकडे खेळाडूला काढलं की कोच त्याला ऑफिसात बोलावायचा. दार लागायचं. मग तो बाहेर यायचा, आणि त्यानंतर मी त्याचं सामान काळ्या पिशवीत भरून द्यायचो. पिशवी कचऱ्याचीच, ते मला कधी आवडलं नाही. पण निदान माणसाला तोंडावर सांगितलेलं असायचं. हा क्रम होता. डग तोच क्रम उलटा करायला सांगत होता.

आणि उलट्या क्रमाची मला ओळख होती. टोरांटोत माझी पहिली नोकरी एका हॉटेलच्या किचनमध्ये होती. एका सकाळी गेलो तर मागच्या दाराशी एक काळी पिशवी ठेवलेली. वर माझी टोपी दिसत होती. मला वाटलं, सफाईवाल्याने चुकून उचलली असेल. मी टोपी काढून घेतली, डोक्यावर घातली आणि कामाला आत निघालो. दारातल्या पोराने हात आडवा घातला. तोवर मला काढल्याचं मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

म्हणून डग दारापर्यंत पोचायच्या आत मी म्हणालो, "मी नाही भरणार."

तो वळला. "काय?"

"आधी त्याला सांगा. मग भरतो. मी स्वतः भरतो, घड्या घालून."

"तुझ्या वर्क परमिटवर कुणाचं नाव आहे, इनास?"

हे त्याने याआधी कधीच काढलं नव्हतं. माझं परमिट क्लोज्ड होतं. म्हणजे मालकाचं नाव छापलेलं, त्याच्याकडेच काम करायचं, दुसरीकडे नाही. पीआरचा, म्हणजे इथे कायमचं राहायच्या परवान्याचा, अर्जही डगच्याच पत्रावर उभा होता. पहिल्या हिवाळ्यात मला राहायला बेसमेंट देणारा हा माणूस. स्वतःचं जॅकेट काढून माझ्या अंगावर घातलं होतं त्याने. मी रोज प्रार्थनेत त्याचं नाव घ्यायचो, अजूनही घेतो. मी दोन्ही हात जर्सीखाली घातले.

"तुमचं," मी म्हणालो. "रोज आठवतं. म्हणून तर तुम्हाला नाही म्हणतोय. दुसरा कुणी असता तर मुकाट्याने हो म्हटलं असतं."

(इंग्रजीत सगळे 'यू'च. पण माझ्या मनात तो कायम 'तुम्ही'च होता, भांडतानाही.)

डग लाल झाला. बंडल तिथेच टाकून गेला.

सकाळी बस स्टॉपवरून फिलूला, माझ्या बायकोला, व्हॉट्सअॅप कॉल लावला. तिकडे संध्याकाळ. ती मासे साफ करत होती.

"कोण हा कोडी?"

"क्वार्टरबॅक. त्याच्या जागी दुसरा आणतायत."

"म्हणजे बदली झाली त्याची. होते की बदली. तुझं काय जातं?"

"अगं, बदली झाली की माणसाला दुसरं गाव तरी मिळतं. आपल्या मास्तरांची बदली झाली तेव्हा काय केलं होतं आपण? हार, नारळ, पाटलाच्या पोरीने गाणं म्हटलं. निरोप समारंभ केला. इथे कचऱ्याची पिशवी."

"आठवीतून पळालास आणि आता गोऱ्यांना निरोप समारंभ शिकवायला निघालास? कागद कुणाच्या हातात आहेत तुझे?"

"त्याच्याच."

"मग?"

बस आली, ती जाऊ दिली. सुरीचा आवाजही थांबला.

"डगला म्हणावं," फिलू म्हणाली, "निरोप पाठवायचा असेल तर इनासकडे दे, तो नेऊन पोचवेल. पण निरोप द्यायचा असेल तर तुझा तू दे. तो दुसऱ्याच्या हातून नाही देता येत."

"हे इंग्रजीत कसं सांगू?"

"ते तू बघ, मॅनेजर. पिशवी भरू नकोस. आणि नोकरी पण घालवू नकोस."

दोन्ही कसं जमवायचं हे तिने सांगितलं नाही.

दुपारी लॉकर रूममध्ये लवकर गेलो. भीती ही की डगने दुसऱ्या कुणाकडून काम उरकलं असेल. तसं झालं नव्हतं. आमचे लॉकर म्हणजे दार नसलेले लाकडी कप्पे. कोडीच्या कप्प्यात त्याचे बूट, गुडघ्याचा पट्टा, मुलीने रंगवलेलं चित्र आणि खारवलेल्या काकड्यांची बरणी. पायात गोळे येऊ नयेत म्हणून तो त्या बरणीतलं आंबट पाणी प्यायचा. वास सगळ्या रूमला. मी खुर्ची ओढली, त्या कप्प्यासमोर बसलो आणि हातशिलाई काढली. शिवायला काही विशेष नव्हतं. घट्ट असलेलं बटण उसवलं आणि परत लावलं.

थोड्या वेळाने डग आला. हातात पिशवी.

"हल."

"हललो. तुमची टीम, तुमची पिशवी. पण भरणार तुम्ही."

"भरतो. बघच तू."

त्याने पिशवी झटकून उघडली. बूट उचलले, आत टाकले. पट्टा टाकला. मग ते चित्र हातात घेतलं. चित्रात हेल्मेट घातलेला एक माणूस छपरावर उभा होता. डग ते धरून उभा राहिला. ते पिशवीत टाकेना आणि परतही लावेना.

आणि कोडी आत आला. वारा सुटला म्हणून छपराचं काम बंद पडलं होतं, तो लवकर आला होता.

"काय चाललंय?"

डग म्हणाला, "क्लीनिंग. इनासला मदत करतोय."

कोडीने माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता एक शब्द पुरे. 'हो' म्हटलं की माझी नोकरी राहील, कोडीला दुसरं कुणीतरी कधीतरी सांगेल.

"मी सफाई करत नाहीये," मी म्हणालो. "डग, टेल हिम. यू टेल हिम."

डग बाकावर बसला. पिशवी मांडीवर, चित्र हातात. दाराकडे तोंड नव्हतं त्याचं, पहिल्यांदाच. तो म्हणाला, "कोडी, मी दुसरा क्वार्टरबॅक आणलाय. तू मला आवडतोस, पण मला प्लेऑफ पाहिजे. मला हे तुला सांगवत नव्हतं. म्हणून मी इनासच्या गळ्यात घालत होतो."

कोडीने कप्प्यातली बुटांची रिकामी जागा बघितली.

"रेने ठरवलं?"

"अजून नाही."

"मग माझे बूट का पिशवीत आहेत?"

कोडीने पिशवीत हात घालून बूट काढले आणि जागेवर ठेवले. "चल," तो डगला म्हणाला, "रेला विचारू. दोघं मिळून." दोघं कोचच्या ऑफिसात गेले. दार लागलं. आधी कोडीचा आवाज चढला, मग रेचा. रे डगवर ओरडत होता, एवढं मला दाराबाहेरही समजलं. लॉकर रिकामा होतोय, हे त्याच्या कानावरही नव्हतं.

ठरलं ते असं: शनिवारी कोडी. हरलो तर तिथून पुढे जेरेमी.

शनिवारी हरलो. कोडी जीव तोडून खेळला आणि तरी हरलो, तेव्हा त्याने मुद्दाम हरवलं असं मनात आणू नका. रेने मैदानातच, सगळ्यांसमोर, कोडीच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, पुढच्या वेळी जेरेमी. कोडी म्हणाला, "ओके, कोच." मला वाटलं तो निघून जाईल. तो थांबला.

आणि तो थांबला ते बरं झालं. अमेरिकेत चेंडू ठरावीक अंतर पुढे न्यायला चार संधी मिळतात, कॅनडात तीनच. जेरेमीच्या अंगात चार मुरलेल्या. पहिल्या मॅचमध्ये तिसरी संधी हुकल्यावरही तो चौथीसाठी उभा राहिला. समोरची टीम हसत होती. साइडलाइनवरून कोडी ओरडला, "किड! वेलकम टू कॅनडा! बाहेर ये!" तेव्हापासून कोडी प्रत्येक चालीला त्याला बोटं दाखवायचा, एक, दोन, तीन. आम्ही प्लेऑफला कसेबसे पोचलो आणि पहिल्याच मॅचमध्ये बाहेर पडलो. स्पॉन्सर मात्र राहिले.

सीझन संपल्यावर कोडीने स्वतः सांगितलं, बस झालं. त्याचं सामान भरायला मी चादरींच्या जाड कापडाची एक पिशवी शिवली होती, दोन्ही बाजूंना पट्टे लावून. भरली मात्र त्यानेच. डग समोर उभा राहून दोन वाक्यं बोलला. दुसरं अर्धंच झालं. काकडीची बरणी कोडीने मला दिली. मी ती लगेच फेकली.

माझं काय झालं? काहीच नाही. डग काही दिवस माझ्याशी फक्त चादरींपुरतं बोलायचा. मग एका सकाळी पीआरसाठीचं पत्र टेबलावर ठेवून गेला, सही केलेलं. वर म्हणाला, "यू आर अ पेन, इनास." पीआर आलं. पुढे फिलूही आली.

त्यानंतर दोनेक वर्षांनी लाँड्री विकली गेली. नवा मालक टीम ठेवणार नव्हता, माझी जागाही नाही. हे मला कसं कळलं? डग माझ्या खोलीत आला, दार लावलं, उलट्या बादलीवर बसला आणि माझ्या तोंडाकडे बघून म्हणाला, "तुला सगळ्यात आधी सांगतोय. अजून कुणालाच माहीत नाही." बोलताना त्याला घाम फुटला होता. हातात पिशवी नव्हती.

नोकरी गेली ती गेलीच. नीट सांगितलं म्हणून परत मिळत नाही. पण त्या दिवशी टोपी माझी मी खुंटीवरून काढली.