फुलाशेजारचं बोट

दादाला मोठी फुलं आवडायचीच नाहीत. अंबरनाथच्या कारखान्याला सुटी असली की तो मला घेऊन बदलापूरच्या पुढच्या कातळावर जायचा आणि ओल्या गवतात सरळ आडवा पडायचा. त्याच्या डबा कॅमेऱ्याला जवळचं काही धड दिसत नसे. म्हणून तो एका हाताने पुढे आणखी एक भिंग धरी आणि दुसऱ्याने खटका दाबी. फूल केवढं आहे ते कळावं म्हणून शेजारी बोट टेकवायचं काम माझं. रंगही मलाच लक्षात ठेवावा लागे, कारण फोटोत सगळं राखाडीच. नावं शेतावरच्या बायका सांगत. तांदळाएवढ्या एका जांभळ्या फुलाला त्या ‘सीतेची आसवं’ म्हणाल्या, तेव्हा स्वारी दिवसभर खुशीत होती. मी मात्र पाठ दुखते म्हणून कुरकुरत होते.

त्याच वर्षी विषमज्वराने दादा गेला. आईला भिंतीवर लावायला फोटो हवा होता. सगळं घर पालथं घातलं, तरी त्याचा एकही सापडेना. तो कायम कॅमेऱ्यामागेच. शेवटी आईने फुलांचे फोटो पुढ्यात ओढले आणि त्या आसवांच्या फोटोवर हात ठेवला.

“हे बघ, त्याचं बोट.”

“आई, ते माझं आहे गं.”

“मला सांगतेस? तान्हा होता तेव्हापासून त्याची नखं मीच कापलीत.”

माझीही तिनेच कापली होती. पण ते तिच्या गावीही नव्हतं.

फोटो मोठा करून घ्यायला मी उल्हासनगरच्या दोन नंबर कॅम्पात एका सिंधी फोटोवाल्याकडे गेले.

“बेटी, इसमें चेहरा किधर है?”

“चेहरा नहीं है. उंगली बड़ी करो.”

त्याने फळीवर टेकलेल्या माझ्या हाताकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि फोटो घेऊन तो आत गेला.

भिंतीवर चौकट लागली. आई रोज अंघोळ करून त्या बोटाला गंध लावी, हार घाली. मी त्याच खोलीत चुलीपुढे बसलेली असे. मला भीती वाटायची, खरंच वाटायची. भांडी घासताना मी माझं ते बोट उगाच चोळून पाही, ऊब आहे ना म्हणून.

एकदा पोळी उलटताना तेच बोट तव्याला चिकटलं. मी किंचाळले. आई दचकली, हातातला हार तसाच टाकून काचेमागच्या बोटावर फुंकर घालू लागली.