भाऊबीजेचं न उघडलेलं फडकं

सोलापूरहून टॉवेल आणायला पुण्याला जाणारी बाई माझ्याआधी कुणी झाली असेल, असं मला वाटत नाही. उलटी गंगा म्हणतात ती हीच. शनिवारी सकाळी सहाच्या एसटीत बसले. शेजारच्या बाईंनी भडंग पुढे केलं, तर तेही नको म्हटलं.

झालं होतं असं. माझा थोरला भाऊ पुण्यात, कसब्यात राहतो. एका संग्रहालयाच्या दुकानासाठी तो जुन्या चित्रांवरून नवी रेखाटनं करून देई आणि ती स्वयंपाकघरातल्या फडक्यांवर, एप्रनवर छापली जात. गेल्या वर्षापासून त्याचा हात कापतो. भाऊबीजेला त्याने साडीबरोबर तळहाताएवढी एक पुडी दिली, वर लाल दोरा. वहिनी दरवर्षी देते तसा खण असणार, असं समजून मी ती कपाटात टाकली. मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी माझी कात्रजची नणंद न कळवता येऊन उभी राहिली. घरात दुसरा खण नव्हता. मी तीच पुडी तिच्या ओटीत घातली आणि विसरले.

निघायच्या दोन दिवस आधी दादाचा फोन आला. "भाऊबीजेचं ते आवडलं का?"

"फार सुंदर आहे रे," मी ठोकून दिलं.

"माझं शेवटचं चित्र ते. रविवारी येशील तेव्हा घेऊन ये. मला रेष बघायचीय."

चित्र? मला तर त्यात काय होतं तेच माहीत नव्हतं. म्हणून रविवारचा मुहूर्त न बघता शनिवारीच निघाले. दादाला कळायच्या आत ते हाती लागायला हवं होतं.

स्वारगेटला उतरून कात्रजची बस धरली. कात्रजच्या चढावर चपलेचा अंगठा तुटला. पर्समधली पिन खुपसून लंगडत नणंदेच्या दारात पोचले. तिने पोहे केले, वर ताक दिलं. माझं सगळं लक्ष कपाटाकडे.

"वन्सं, मार्गशीर्षात मी खण दिला होता तो..."

"अय्या वहिनी, तो आमच्या शेजारच्या प्रियाला दिला. वाघोलीला राहायला गेली ना ती, निघताना ओटी भरली."

"त्याच्यावर चित्र कसलं होतं?"

"चित्र? मी कशाला उघडतेय! चांगली बांधलेली पुडी होती, दिली तशीच."

राग यायला हवा होता, पण कुठल्या तोंडाने रागवणार? मीही तेच केलं होतं. प्रियाचा पत्ता घेतला आणि ताक अर्धं टाकून उठले.

"वाघोलीला जाते का हो?" मी कंडक्टरला विचारलं.

"पाटीवर काय लिहिलंय मग? बसा."

बसले. दोन तास बस शहर उसवत चालली होती. हडपसर, खराडी, मग काचेच्या इमारती, मग अर्धवट बांधलेल्या इमारती, त्यांच्यामध्ये ज्वारीची एखादीच पट्टी. एरवी मी हे सगळं डोळे भरून पाहिलं असतं. आज प्रत्येक सिग्नलला मी मनात बस ढकलत होते.

प्रिया अकराव्या मजल्यावर राहते. कडेवर वर्षाचं बाळ. तिने कॉफी केली.

"काकू, खरं सांगू? मी ब्लाउजपीस शिवतच नाही, सगळं ऑनलाइन. याच्या बोरन्हाणाला हलव्याचे दागिने केले होते ना, त्या काकू इतक्या स्वीट होत्या, मी त्यांचीच ओटी भरली. कसब्यातल्या. सो सॉरी, तुम्हाला हवं होतं का ते?"

कसब्यात हलव्याचे दागिने माझी वहिनीच करते. कॉफीचा कप माझ्या हातात तसाच राहिला.

परतीच्या बसमध्ये मला जागा मिळाली, पण बसवेना. वहिनीने पुडी पुढे कुणाला दिली असेल तर बरं, असंही एकदा मनात आलं. मग त्या विचाराचीच शरम वाटली.

कसब्यातली गल्ली नेहमीसारखी. तांब्याच्या भांड्यांची ठोकठोक, उदबत्तीचा वास, मधोमध लावलेली स्कूटर. संध्याकाळचे सहा वाजले होते. वहिनीने दार उघडलं. दादा खिडकीशी बसला होता, दोन्ही हातांनी कप धरून.

"आज कशी? उद्या येणार होतीस ना? आणलंस?"

दिवसभर रचलेली सगळी थाप गळून गेली. "नाही दादा. मी उघडलंच नव्हतं. ओटीत देऊन टाकलं."

"माहितीय. संक्रांतीला घरी आलं ते. कागद माझा, गाठ माझी. एकीनेही सोडली नव्हती."

"मग फोनवर घेऊन ये म्हणालास कशाला?"

"तू 'फार सुंदर आहे' म्हणालीस. म्हटलं, बघू तरी काय आणतेस."

मी रडायला लागले. वहिनीने पुडी आणून माझ्या मांडीवर ठेवली.

"सोड आता. माझ्या बोटांना जमत नाही," दादा म्हणाला.

आत पांढरं जाड सुती फडकं. त्यावर रागमालेतली (रागांची रूपं दाखवणारी जुनी चित्रं) वीणा घेतलेली बाई आणि तिच्याभोवती हरणं. त्यातल्या एका हरणाचा डावा कान फाटका. रेष तिथे थरथरली होती.

"बुंदी!" मी ओरडलेच. लहानपणी आमच्याकडे बुंदी नावाची ठिपक्यांची एक शेळी होती. तिचा तो कान कुंपणाच्या तारेत फाटला, तेव्हा मी दोन दिवस जेवले नव्हते.

"मूळ चित्रात कान धड आहे. दुकानवाले म्हणाले, दुरुस्त करा. केला. हा नमुना तेवढा तुझ्यासाठी ठेवला," दादा म्हणाला. "आणि हात पुसायला दिलाय, देव्हाऱ्यात ठेवू नकोस."

सोमवारी सोलापूरला परतले. आपल्याकडे चांगली वस्तू वापरायची नसते, जपायची नाहीतर पुढे द्यायची असते. तीन घरं फिरून एक पुडी कोरी राहिली, यात नवल कसलं? माझी चूक त्याहून मोठी. त्यातलं चित्र माझ्यासाठी काढलेलं होतं आणि मी साधं उघडून पाहिलं नाही. हे मनाला लागलं आहे आणि लागून राहो.

फडकं ओट्याजवळच्या खिळ्याला अडकवलं. दोन दिवस हात जुन्या फडक्याकडेच जात होता. तिसऱ्या दिवशी पिठल्याचे हात निपटून पुसले आणि दादाला फोन केला.

"दादा, हळदीचे डाग पडले रे."

"कुठं?"

"बुंदीच्या पाठीवर."



"असू देत," दादा म्हणाला. "तिला होतेच ठिपके."