काट्यांपलीकडे उभ्या राहिलेल्या बाई

नूतनबाई आमच्या वाडीच्या शाळेत शिक्षिका आहेत. त्यांचे माहेर आंबवड्याचे आणि सासर भोरचे. हिर्डोशीपर्यंत एस.टी.ने यायचे व तिथून चढ चढून वाडी गाठायची, हा त्यांचा अनेक वर्षांचा क्रम. हल्ली संध्याकाळी त्या आम्हा वयस्करांचा साक्षरता वर्गही घेतात. मी लिहायला त्याच वर्गात शिकले. बाईंविषयी चांगले लिही, असे सर्वांनी मला सांगितले. चांगले मी लिहीनच. परंतु कोरोनाच्या पहिल्या पावसाळ्यात त्यांना जी वागणूक मिळाली, ती वगळली तर माझे लिहिणे खोटे ठरेल.

शाळा बंद झाली. मुलांना मोबाईलवर शिकवावे आणि रोज वर्गाचा फोटो पाठवावा, असा वरून हुकूम आला. हुकूम काढणाऱ्याने आमची वाडी पाहिलेली नव्हती. इथे रेंज नाही. मोबाईल मोजकेच, आणि तेही पुरुषांच्या खिशात. माझी नात राजनंदिनी तेव्हा दुसरीत होती. ती नुकतीच जोडाक्षरांवर येऊन अडली होती. आमच्या घरचा मोबाईल माझा मुलगा सावळाराम याच्याकडे असे, आणि सावळाराम दुधाच्या टेम्पोवर.

एके दिवशी बाईंनी मोबाईलवर वर्ग सुरू केला.

"राजनंदिनी, ऐकू येतंय का?"

"बाई, म्या सावळाराम. घाटात हाय. आता पाडं मलाच शिकवा!"

ही गंमत तो पुढे सगळ्यांना सांगत असे. मला हसू आले नाही. पोरगी शेरडांमागे रानात होती आणि तिचे पुस्तक पत्र्याच्या पेटीत होते.

बाईंनी ही अडचण वरच्या साहेबांना कळवली. साहेब फोनवर म्हणाले, "बाई, फोटो तेवढा पाठवा. बाकीचं कोण बघतंय?" बाईंनी खोटा फोटो पाठवला नाही. एस.टी. बंद होती, म्हणून स्कूटीवर बसून त्या स्वतः वाडीकडे आल्या.

वाडीने त्यांना वेशीवरच अडवले.

गुरांमध्ये लाळ-खुरकूत पसरली की आमच्याकडे वेस बांधतात. करवंदीच्या काटेरी फांद्या वाटेवर आडव्या टाकतात. बाहेर राहिलेल्याने आत यायचे नाही. देवीला नैवेद्य दाखवून वेस सोडेपर्यंत ही रीत पाळायची असते. कोरोनात वाडीने तीच रीत माणसांना लावली; तेव्हापासून सावळारामही टेम्पो सोडून घरीच होता. राखणीला माझा धाकटा दीर सोनबा बसला होता.

"बाई, तितंच थांबा. तुमी भोरच्या. रोग घिऊन याल."

"सोनबादादा, मी आत येत नाही. पोरांना तुमच्या बाजूला कातळावर बसू द्या."

"आन् तुमी?"

"मी इथंच उभी राहते."

तशी शाळा भरू लागली. मुले काट्यांच्या आत अंतर सोडून बसत. बाई बाहेर छत्री धरून उभ्या असत. रंगवलेला पत्रा हाच त्यांचा फळा. तोंडावरच्या मास्कमधून आवाज पोचावा म्हणून घसा ताणून बोलत. काट्यांवरून त्यांना तांब्याभर पाणी द्यायला मी निघाले, तर सोनबाने मला परत पाठवले. तरीही राजनंदिनी जोडाक्षरे वाचू लागली.

पुढे पाऊस थोडा ओसरला. वाडीच्या वरच्या अंगाला धबधबा आहे. बंदी असूनही तो पाहायला पुण्याच्या गाड्या येऊ लागल्या. त्या लोकांना भाजलेली कणसे आणि भजी हवी असत. गाडी आली की सोनबा काटे बाजूला ओढी, आणि गाडी गेली की पुन्हा आडवे लावी. बाई आल्या की मात्र काटे आडवेच.

"सोनबाभावजी, ह्या गाड्यांना रोग न्हाई व्हय?" मी विचारले.

"वैनी, ती गिऱ्हाईकं हायेत."

हे उत्तर मला आजही पचलेले नाही.

सावळारामने राजनंदिनीलाही कणसे विकायला लावले. मी भांडले. तो म्हणाला, "साळा बंदच हाय की." कातळावरची तिची जागा रिकामी राहू लागली. तिच्यामागोमाग आणखी मुले गेली.

एके दिवशी बाई शिकवत असताना एक गाडी वेशीबाहेर येऊन थांबली. सोनबाने काटे ओढले. गाडी आत यायच्या आधीच राजनंदिनी कणसे घेऊन बाहेर धावली आणि काचेवर थापा मारू लागली. तोंडावर फडके नाही, पायात चप्पल नाही.

बाईंनी छत्री टाकली. दोन्ही हातांनी फांदी धरून ती गाडीपुढे वाटेवर आडवी ओढली. हात ओरबाडले, रक्त आले.

"बाई, काट्यांना हात लावू नगा! रीत मोडंल!" सोनबा ओरडला.

"रीत तुम्ही मोडलीत. वेस बांधलेली असेल तर ती सगळ्यांना बांधलेली. सोडलेली असेल तर मलाही सोडलेली. काय ते आत्ता सांगा."

"मामा, आम्हाला जाऊ द्या ना!" गाडीवाल्याने भोंगा वाजवला.

"अवं, पोरगी भाईर ऱ्हायली की," सोनबा म्हणाला.

"राहू द्या. माझ्याजवळ आहे," बाई म्हणाल्या.

सोनबा अडकला. बाहेर राहिलेल्याने आत यायचे नाही, आणि बाहेर तर त्याच्याच पुतण्याची लेक होती.

"आता तिलाबी गिऱ्हाईक म्हणा, म्हंजी घेता यील आत," मी म्हणाले.

गाडी माघारी वळली. बाईंनी राजनंदिनीला पत्र्यासमोर बसवले आणि धडा पुढे सुरू केला. तो संपायच्या आत सोनबा नारळ आणि नैवेद्य घेऊन देवीकडे गेला. वेस सुटली. बाई आत आल्या आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा देवळाच्या मंडपात भरली.

फोटो का पाठवले नाहीत, याची नोटीस बाईंना तरीही आली. राजनंदिनी आज मला वर्तमानपत्र वाचून दाखवते आणि माझ्या चुका काढते. सोनबा साक्षरता वर्गात माझ्या शेजारी बसतो. बाई त्याचा हात धरून अक्षरे गिरवून घेतात. त्याने कधी माफी मागितली नाही, साहेबांनीही नाही. बाईंनी तो विषय कधी काढला नाही. म्हणून मी काढला आहे, आणि हे मी वर्गात, सोनबाच्या समोर वाचणार आहे.