तीस पत्त्यांचा कळप

आधीच सांगून टाकते, हा रमीचा किंवा तीनपत्तीचा खेळ नव्हे. यात पैसे लावायचे नसतात, नुसते घालायचे असतात. फोनवरचा खेळ आहे. जनावरं, पक्षी, राक्षस, जादूगार अशी चित्रं असलेले पत्ते जमवायचे, त्यातले तीस निवडून आपला कॅट लावायचा आणि कुठल्या गावचा कोण ते माहीत नसलेल्या माणसाशी एकेक डाव खेळायचा. ऑफिसातल्या पोरी मला हसायच्या. बत्तीस वर्षांची घोडी झालीस आणि चित्रं जमवतेस! हसा म्हटलं. मुकुंदवाडीतून शेंद्र्याला कंपनीची बस जाते, तेवढा वेळ दुसरं करायचं तरी काय? बसमध्ये लागलेला नाद तो.

माझे वडील गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी माझ्याकडे आले तेव्हा मी हा खेळ दोन वर्षं खेळत होते. आबा आयुष्यभर मेंढरांमागे फिरलेले. चितेगावच्या पुढं आमचं गाव आहे. बिडकीनकडच्या चराईच्या जमिनींना तारेची कुंपणं पडली, सहा पदरी रस्ते झाले आणि मेंढरं न्यायची कुठं हाच प्रश्न झाला, तेव्हा त्यांनी सगळा कळप विकला. आई आधीच गेली होती. भाऊ चितेगावला एका कंपनीत लागलेला, त्याचं घर नीट चाललेलं. आबा गावी त्याच्याकडं ओट्यावर बसून असायचे. ऑपरेशन शहरात करायचं ठरलं म्हणून माझ्या एका खोली-स्वयंपाकघराच्या भाड्याच्या घरात आले, वॉकरसकट.

पहिल्या आठवड्यात एकदा मी चहा पीत खेळत होते. कॉटवरून आवाज आला, "काय करायलीस?"

"गेम खेळते, आबा."

"कुणासंग?"

"माहीत नाही. असेल कुणीतरी."

"वळख ना पाळख, आन त्याच्यासंग भांडायलीस व्हय?"

मला इतकं हसू आलं की डाव हरले. मग त्यांच्या शेजारी बसून सगळे पत्ते दाखवले. इंग्रजी अक्षरं त्यांना वाचता येत नाहीत. ते नुसते चेहरे बघत होते. तीनशेच्या वर पत्ते होते माझ्याकडे, मी भराभर पुढं सरकवत होते आणि ते म्हणत होते, "थांब की. मागं घे. ती मोडशिंगी दाखव परत." एक शिंग तुटलेलं रानजनावर होतं ते. अगदी किरकोळ पत्ता, फुकटात मिळालेला. तिचं नाव पडलं मोडशिंगी. मग काळतोंडी झाली, लांबकानी झाली, भुरी झाली. आठवडाभरात सगळ्यांना त्यांनी अशी नावं देऊन टाकली आणि मीही तीच वापरू लागले.

खरी गंमत पुढं झाली. एका डावात मी अडकले होते, समोरचा चढाई करत होता. मी हातातला शेवटचा दांडगा पत्ता टाकणार, तेवढ्यात आबा म्हणाले, "थांब. मोडशिंगी अजून आली नाय."

"तुम्हाला काय माहीत?"

"म्हंजे? तीस होती. बाकीची सगळी येऊन गेली. ती नि लांबकानी दोघीच आत हायेत."

मी मोजून बघितलं. खरंच होतं! मी थांबले, पुढच्याच पाळीला मोडशिंगी आली आणि आम्ही तो डाव मारला. मी त्यांच्याकडे आ वासून बघत राहिले. या खेळातले मुरलेले लोक गेलेले पत्ते लक्षात ठेवायला वहीत टिपणं करतात, वेगळं ॲप घेतात. मी विचारलं, तुम्ही मोजता कसे? तर म्हणाले, "मोजतंय कोण? संध्याकाळी मेंढरं वाघरात घालताना मोजत बसलं तर अंधार पडंल. किती नाय ते नंतर. कोण नाय, ते आधी दिसतं." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची जाळी. मला शाळा-कॉलेज शिकून हे कधी जमलं नव्हतं.

तिथून पुढं आमची जोडीच जमली. बस सहाला सोडायची. मी जिना चढेपर्यंत आबांनी वॉकर धरून, धडपडत, चहाचं आधण ठेवलेलं असायचं. मी ओरडायचे, पडलात म्हणजे? ते म्हणायचे, पडलो तर पडलो, चहा तर प्यायला मिळंल. मग कॉटवर शेजारी बसून आम्ही खेळायचो. मी दर पाळीला विचारायचे, "आबा, आता काय करू?" आणि ते सांगायचे, पुढं एखादी म्हातारी सोड, समोरचं कुत्रं भुंकतंय का बघ, मग बाकीची काढ. समोरचा महागाचे पत्ते घेऊन यायचा, सोन्याच्या पंखांचे, आगीच्या शेपटीचे. आणि आम्ही आमच्या फुकटातल्या मोडशिंगीवर त्याला लोळवायचो. आबा मांडीवर थाप मारून म्हणायचे, "गेलं बेणं!" सहा वर्षं मी त्या घरात एकटी राहिले होते. कुलूप काढायचं, अंधारात बटण चाचपायचं, भिंतींशी बोलायचं. आता दार उघडंच असायचं, आत दिवा असायचा. मी सुखात होते. तेव्हाही मला ते कळत होतं.

म्हणूनच भाऊ फोन करायचा तेव्हा मी गॅलरीत जाऊन बोलायचे. "गुडघा बरा झाला ना? कधी येऊ न्यायला?" मी सांगायचे, अजून व्यायाम चालू आहेत, अजून सूज आहे, पंधरा दिवस असू दे. सूज केव्हाच गेली होती. आबांनी जाऊ नये, एवढंच मला हवं होतं.

आणि नेमका तेव्हाच त्या कंपनीनं खेळाचा नवा हंगाम काढला. दर काही महिन्यांनी काढतातच. या वेळी बरेचसे जुने पत्ते मुख्य स्पर्धेतून बाद केले आणि नव्या पाकिटांची किंमतही वाढवली. मी खेळायला लागले तेव्हा एका पाकिटाला दोन प्लेट पोह्यांचे पैसे पडायचे. आता त्यात घरच्या तिघाचौघांचं हॉटेलातलं जेवण झालं असतं. आणि पाकिटात काय निघेल त्याचा भरवसा नाही, तेच तेच पत्ते निघतात. माझं डोकंच फिरलं. मी आबांपुढं तणतणले तेव्हा त्यांनी शांतपणे विचारलं, "जुनी चालत नाय म्हंजे? रोगाट हायेत का?"

"नाही हो, नियम बदलला."

"हां. गायरानाचं झालं तसं." आणि मग हळूच, "चारा खात नाय, दूध देत नाय, आन एवढं पैसं?"

नव्यातले दोनचार आणि चालत होते ते जुने मिळून कसाबसा कॅट लावला आणि हरायला लागलो. रोज हरायचो. आबा तरी बसायचे, सांगायचे, पण मला धडकी भरली होती. मला वाटायचं, यांचा रस गेला की हे जातील. एका संध्याकाळी डाव चालू असताना त्यांनी जांभई दिली आणि माझं धाबं दणाणलं. म्हटलं, काही झालं तरी आता जिंकायचंच.

मी पाकिटं घेतली. एकदा घेतली, दोनदा घेतली, दिवाळीच्या साडीचे पैसे गेले, तरी हवा तो पत्ता निघेना. सोन्याच्या पंखांचा एक गरुड होता, त्या हंगामात जो तो त्याच्यावर जिंकत होता. आता या खेळात एक सोय आहे. नको असलेले पत्ते वितळवता येतात. त्याचा चुरा मिळतो, आणि पुरेसा चुरा साठला की हवा तो पत्ता घडवता येतो. शेंद्र्याहून परत येताना, बसमध्ये बसून, मी आमचे दीडशे जुने पत्ते वितळवले. एकेकावर बोट ठेवायचं, खळ्ळ आवाज येतो, चित्र फुटतं. मोडशिंगीवर बोट जरा थांबलं. मग म्हटलं, उपयोग काय हिचा आता? घरी गेल्यावर आबांना गरुड दाखवायची घाई झाली होती मला.

त्यांनी फोन हातात घेतला आणि सरकवतच राहिले. गरुडाकडं बघितलंच नाही. "मोडशिंगी कुठंय? काळतोंडी?"

मी सांगितलं.

"वितळवली?"

"खेळच आहे, आबा."

"व्हय. खेळच की," ते म्हणाले आणि फोन परत दिला.

गरुडाचा कॅट मी एका व्हिडिओतून उतरवला होता. त्यात पहिल्या चालीपासून सगळं ठरलेलं. आधी हे टाक, मग ते टाक, समोरच्याला श्वास घेऊ द्यायचा नाही. आबा सवयीनं म्हणाले, "थांब, अजून..." आणि मी म्हणाले, "आबा, आता थांबून चालत नाही हो. यात विचारायला वेळच नसतो." हे मी चिडून नाही बोलले. नादात बोलले. त्या संध्याकाळी सलग सात डाव जिंकले. दर वेळी स्क्रीन त्यांच्यापुढं धरायचे, ते म्हणायचे, "लई भारी." मी वेडी, खूश.

पुढच्या आठवडाभरात आबा कॉटवरून उठून गॅलरीत खुर्ची टाकून बसायला लागले. मला वाटलं, गुडघा सुधारला, चांगलं झालं. आणि एका रविवारी सकाळी भाऊ गाडी घेऊन दारात हजर! आबांनी स्वतःच फोन करून त्याला बोलावून घेतलं होतं. पिशवी भरलेली होती. मी डाळ शिजायला टाकली होती, म्हटलं, जेवून तरी जा. जेवले, माझ्या डोक्यावरून हात फिरवला आणि वॉकरशिवाय जिना उतरले.

ते गेले ते मोडशिंगीपायी, असं मी मनाशी धरून बसले. रोज संध्याकाळी स्वतःला शिव्या घालायचे. माणसाचा खरा कळप गेला होता, तू चित्रांचाही ठेवला नाहीस! मला त्यांची आठवण यायची. लई यायची. चहा एकटीचा करायचा म्हणजे हात उठायचा नाही. मग मी जे वितळवलं ते परत घडवायला लागले. वितळवताना जेवढा चुरा मिळतो, त्याच्या चौपट चुरा तोच पत्ता परत करायला लागतो. लुटारू मेले! गरुड वितळवला, नवी पाकिटं फोडून वितळवली, दोन पगार त्यात गेले. पण आबांनी नाव दिलेला एकूण एक पत्ता परत उभा केला आणि एका रविवारी फोन घेऊन गावी गेले.

आबा ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी पायाशी बसले, फोन त्यांच्या हातात दिला. "बघा. सगळी आणली परत. मोडशिंगी, काळतोंडी, भुरी, सगळी."

त्यांनी अंगठ्यानं सरकवत शेवटपर्यंत बघितलं. माझं मन राखायला बघत होते, ते मला दिसत होतं. "बरं केलंस," म्हणाले. "किती पैसं घातलं?"

मी खोटा आकडा सांगितला. "आता तरी चला. तुम्ही या पत्त्यांपायी रुसून आलात ना?"

"पत्त्यांपायी?" ते खरोखर हसले. "अगं, दोनशे जित्ती मेंढरं इकली म्या, तव्हा रुसलो नाय. ह्या चित्रांपायी रुसू व्हय?"

"मग कामून आलात निघून?"

त्यांनी फोन माझ्या मांडीवर ठेवला. म्हणाले, "मला काय त्या खेळातलं कळतंय बाई? तू दिवसभराची दमून यायची, जवळ बसायची, आबा आता काय करू म्हणून इचारायची. तेवढ्यासाठी बसायचो म्या. मग तुझं तुला जमाया लागलं. इचारायची बंद झालीस. मग तिथं बसून काय करू?"

माझा संताप झाला. त्यांच्यावर, माझ्यावर, कुणावर ते कळेना. "मग बोलायचं ना, आबा! म्हणायचं, मला राहायचंय म्हणून!"

"लेकीच्या घरी बाप मागून ऱ्हातो व्हय? लेकीनं म्हणावं लागतं, ऱ्हा म्हणून."

"म्हटलं की मी..." असं बोलायला गेले आणि अडखळले. ते माझ्याकडे होते ते चार महिने आठवून बघितले. भावाला सांगितलं होतं, पंधरा दिवस असू दे. डॉक्टरांना सांगितलं होतं, घाई नाही. कंपनीतल्या पोरींनाही सांगितलं होतं की आबा गेले तर मला करमणार नाही. आबांना मी जिंकून दाखवलं होतं, पाकिटं फोडून दाखवली होती, गरुड दाखवला होता. इथंच राहा, एवढं त्यांच्या तोंडावर एकदाही म्हटलं नव्हतं. मला वाटलं होतं, त्यांना ते दिसत असेल.

तेव्हा म्हटलं. भावजय उंबऱ्यात उभी होती, भाऊ गाडी पुसत होता, त्यांच्यादेखत रडत म्हटलं, "आबा, माझ्याकडं राहा ना." त्यांनी माझं डोकं थोपटलं आणि म्हणाले, "येतो की."

त्याला आता वर्ष होत आलं. दर रविवारी मी फोन करते आणि दर वेळी तेच म्हणते, राहायला या. ते लगेच म्हणतात, "येतो की." रस्त्यात भेटलेल्या ओळखीच्या माणसानं जेवायला या म्हटल्यावर म्हणतात, तसं.