नदीच्या आधी पोहोचलेलं उत्तर

पुराच्या पाण्यात भिजून उन्हात वाळलेल्या कोऱ्या कापडाला एक विलक्षण वास येतो. थोडा खळीचा, थोडा गढूळ मातीचा आणि थोडा कशाचा ते सांगता न येणारा. घडी उलगडावी तर आतले रंग तसेच तेजस्वी, पण काठाशी चिखलाची एक फिकट रेघ उमटलेली; ती कितीही धुतली तरी जात नाही. असं कापड कोण विकत घेणार? माझी मावशी त्याचे उशांचे अभ्रे शिवते. आमच्या घरातली प्रत्येक उशी कुठल्या ना कुठल्या पुराची रंगीत आठवण ल्यायलेली आहे!

मावशीचं कापडाचं दुकान साखळी गावच्या बाजारात, नदीकडच्या रांगेत. मी मूळची पेडण्याची. डिचोलीला नोकरी लागली तेव्हापासून तिच्याकडेच राहते. आमचं कार्यालय लहानसं, पण त्यावर सोपवलेलं काम मोठं होतं. डोंगरात ठेवलेली पर्जन्यमापकं पावसाचे आकडे पाठवत, आणि बाजाराच्या पुलापाशी पाणी केव्हा व किती चढेल हे आमच्या प्रोग्रॅमने सांगायचं. त्यामागचं गणित कामतसरांचं. कॉलेजात आयुष्यभर गणित शिकवून निवृत्त झालेले हे गृहस्थ केवळ नदीच्या ओढीने आमच्यात आले होते. त्यांनी नदीचे लहान लहान तुकडे कल्पून, एका तुकड्यातलं पाणी दुसऱ्यात कसं उतरतं याची समीकरणं अशा ममतेने मांडली होती, की ती वाचताना मला प्रवाहाचा नाद ऐकू यायचा.

अंदाज अचूक येई. दुर्दैव एवढंच, की तो फार उशिरा येई. डोंगरातून उतरून बाजारात शिरायला नदीला जेवढा वेळ लागे, जवळजवळ तेवढाच आमच्या प्रोग्रॅमला उत्तर काढायला लागे. येऊन गेलेल्या पाहुण्याच्या आगमनाची वार्ता काय कामाची? मागच्या पावसाळ्यात इशारा पोचला तेव्हा मावशी घोटाभर पाण्यात उभी राहून गठ्ठे उचलत होती. त्या संध्याकाळी केसांतला चिखल धूत ती म्हणाली, “अगो बाय, तुझा कंप्युटर जागा होईपर्यंत उदक माझ्या गल्ल्यावर येऊन बसता!” मी हसले. आतून मात्र तुटले.

कार्यालयात सगळ्यांचं एकमत होतं, की दोष गणिताचा. एवढं सूक्ष्म गणित म्हटल्यावर वेळ लागणारच! आमचे साहेब शांतपणे सरांना म्हणाले, “सर, तुकडे थोडे मोठे करा. बारकावे गाळा. येत्या पावसाच्या आधी वेग आला नाही, तर हे काम आपल्याकडे राहणार नाही.” सरांनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी ते आपलीच समीकरणं एकेक करून खोडू लागले. स्वतः लावलेल्या झाडाची फांदी तोडताना माणसाचा हात जसा अडखळतो, तसा त्यांचा हात अडखळत होता. बारकावे गेले तर अंदाजाची अचूकताही जाणार, हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक होतं?

माझ्याने बघवेना. “सर, जरा थांबा. आधी बघू तरी, वेळ जातो कुठे.”

“कुठे म्हणजे?” ते विषण्णपणे म्हणाले. “गणितात. दुसरीकडे कुठे जाणार?”

“तसं आपल्याला वाटतंय. आपण पाहिलंय कुठे?”

त्यासाठी एक साधन असतं, प्रोफायलर. प्रोग्रॅम चालू असताना हे त्याच्या पाठीशी निमूट बसतं आणि तो कोणत्या कामात किती वेळ घालवतो हे टिपत राहतं. ते कोणाची बाजू घेत नाही, तर्क करत नाही, ज्येष्ठांचा मान राखत नाही. मी मागच्या पुराचे आकडे भरले, प्रोग्रॅम सुरू केला आणि प्रोफायलर त्याच्यामागे लावून दिला. सर खुर्ची ओढून शेजारी बसले. निकालाची वाट पाहणाऱ्या विद्यार्थ्याची ती अधीरता वयाने जराही उणावली नव्हती!

चित्र पडद्यावर आलं. प्रत्येक कामाची एक आडवी पट्टी. जेवढा वेळ अधिक, तेवढी पट्टी लांब. एक तांबडी पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरली होती.

“हेच ना माझं?” सरांनी खालच्या आवाजात विचारलं.

“नाही सर.” माझाच स्वर मला अनोळखी वाटला. “हे नुसतं वाचन आहे. नदीच्या पात्राची खोली ज्या फाइलमध्ये आहे, ती उघडून वाचणं.”

“मग माझं गणित कुठे आहे?”

मला ते शोधावं लागलं. तांबड्या पट्टीच्या कडेला, केसासारखी बारीक एक हिरवी रेघ होती. मी तिच्यावर बोट ठेवलं. “हे, सर. एवढंच.”

ते त्या रेघेवर वाकले. मग एवढ्या मोठ्याने हसले, की पलीकडच्या खोलीतून साहेब धावत आले!

काय घडत होतं? नदीच्या प्रत्येक तुकड्याच्या प्रत्येक हिशोबासाठी आमचा प्रोग्रॅम ती भलीमोठी फाइल नव्याने उघडी, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाची, त्यातला एकच आकडा उचली आणि फाइल मिटून टाकी. पुढच्या क्षणी पुन्हा तेच. कधीकाळी पात्राची मोजणी रोज बदलत असताना ही ताजेपणाची सोय केली होती. मोजणी संपली, सोय तशीच राहून गेली. आपल्या नित्याच्या जगण्यातही असं किती काही निमूट चालू असतं! आणि थकवा आला की आपण बोट दाखवतो ते नेमकं ज्यात आपला जीव आहे त्या कामाकडे.

मी फाइल एकदाच वाचून स्मरणात ठेवायची व्यवस्था केली. बदल जेमतेम काही ओळींचा. पुन्हा प्रोफायलर लावला, तेव्हा आधी झाकलेला दुसरा अडथळा वर आला: पर्जन्यमापकांकडून येणाऱ्या प्रत्येक निरोपातली वेळ प्रोग्रॅम अक्षर अक्षर लावून वाचत होता. तोही दूर केला. मग जुनी आणि नवी उत्तरं शेजारी ठेवून सर अंकन् अंक ताडत बसले, कारण चुकीचं उत्तर लवकर मिळून कोणाचं भलं होणार? उत्तरं तंतोतंत जुळली. आणि ती आली केव्हा? सरांच्या कपातला चहा निवायच्या आत! त्यांनी खोडलेली समीकरणं परत लिहिलीच. शिवाय वेळ पुरत नाही म्हणून कधी धरलेच नव्हते ते दोन ओहोळही गणितात आणले.

परीक्षा आली ती भर पावसाळ्यातल्या एका लख्ख सकाळी. साखळीत ऊन पडलं होतं. वरच्या डोंगरात मात्र आभाळ फाटलं होतं. प्रोग्रॅमने सांगितलं: दुपारी बाजारात पाणी. इशारा गेला. बाजाराने आधी आकाशाकडे पाहिलं, मग एकमेकांकडे. मावशीचा फोन आला. “खरं मां गो हे? हंय तर लख्ख वत पडलंय!”

“खरं आहे मावशी. माल वर ने. शेजाऱ्यांनाही सांग.”

म्हटलं खरं, पण पाणी आलं नाही तर पुढच्या वेळी आमच्यावर कोण विश्वास ठेवील? सरांनी आणि मी बस पकडून साखळी गाठली. मावशीने आरडाओरड करून सगळी रांग कामाला लावली होती. कापडाचे गठ्ठे, पिठाची पोती, वह्यापुस्तकं, सारं चढावरच्या शाळेत जात होतं. दुपारपर्यंत दुकानं रिकामी झाली आणि सारा बाजार शाळेच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. नदी अजून आपल्या जागी, आणि सगळ्यांच्या नजरा आमच्यावर!

“कधी येता मगे तुमचं उदक?” मावशीने सरांना खडसावलं. वऱ्हाड यायला उशीर झालेल्या यजमानासारखे ते पुलाकडे बघत राहिले.

आणि मग ते आलं. आधी पुलाखाली तांबूस रंग गडद झाला, काठावरचं गवत आडवं झालं, आणि पाणी शांतपणे, जणू बोलावल्यासारखं, रस्त्यावर चढून दुकानांत शिरलं. मागून कोणीतरी टाळी वाजवली. दुसऱ्याने साथ दिली. पाहता पाहता रिकाम्या दुकानांत शिरणाऱ्या त्या पुराचं सगळ्या बाजाराने टाळ्यांनी स्वागत केलं! सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मावशी टाळ्या वाजवत नव्हती. पदर खांद्यावर घेऊन ती पायरीवर स्वस्थ बसली होती. उन्हात झळाळणाऱ्या त्या विस्तीर्ण, तांबड्या नदीवरून तिची नजर हलत नव्हती.

“किती बरी दिसता गो ही न्हंय,” ती हळूच म्हणाली. “आजपर्यंत धड बघूकच गावली नाय.”