मण किती शेरांचा?

आमच्या घरात 'ण' नव्हता. आई पानी म्हणायची, लोनी म्हणायची, दारावर थाप पडली की "कोन हाय?" विचारायची. रत्नागिरीकडून आम्ही मुलुंडच्या चाळीत आलो तेव्हा हे बोलणंही बरोबर आलं, आणि त्याने कुणाचं काही बिघडत नव्हतं. बिघडलं ते ताई मॅट्रिक झाल्यावर.

मी शिकत होते त्याच शाळेत खालच्या वर्गांसाठी एक बाई हव्या होत्या. ताईने अर्ज केला. बाबा गिरणीतले, मोजकं बोलणारे. ते म्हणाले, "नोकरी लागली तर लगीन थांबवू. न्हायतर वैशाखात गावचं स्थळ उरकून टाकू." ते स्थळ ताईला अजिबात नको होतं. रडून, रुसून, उपाशी राहून तिचं सांगून झालं होतं.

हेडमास्तरांनी तिला आधीच बजावलं, "कमिटीसमोर पाठ घ्यावा लागेल. बाकी तुमचं सगळं उत्तम आहे, फक्त ते पानी-लोनी तेवढं सोडा." झालं! ताईने ध्यासच घेतला. भाकऱ्या थापताना पाणी, लोणी, कोण. मोरीत कपडे घासताना पाणी, लोणी, कोण.

"येडी झालीस काय गं?" आई हसायची.

पाठासाठी आमचाच चौथीचा वर्ग दिला होता. मागे खुर्च्यांवर कमिटीची मंडळी बसलेली. ताईने फळ्यावर सुरेख अक्षरात लिहिलं, 'आपले शरीर व मन'. मग वळून म्हणाली, "मुलांणो, शरीरासारखंच आपलं मणही स्वच्छ ठेवावं. त्याणे आणंद होतो." 'ण' सुटेल याची तिला इतकी धास्ती बसली होती की बिचारा 'न' तोंडातून पळालाच. पोरं खुसखुसू लागली.

कमिटीतले एक वकील उठून उभे राहिले. "बाई, हा मण किती शेरांचा?"

ताईला वाटलं, हीसुद्धा परीक्षाच. ताठ उभी राहून ती म्हणाली, "चाळीस शेरांचा, सर."

सगळे हसले. हेडमास्तर तोंडाला रुमाल लावून हसले. ताईही हसली, उत्तर बरोबर आलं म्हणून. त्या वकिलाचा मला अजून संताप येतो.

शिक्षणाने माणूस वर येतो, असं पुढे व्याख्यानांतून मी पुष्कळ ऐकलं. येतही असेल. मी पाहिलेली शाळा मात्र दारातच माणसाचं घरचं बोलणं तपासायची. हुशारी, अक्षर, मेहनत हे सगळं त्यानंतर, आणि तेही वेळ उरला तर.

वैशाखात लग्न उरकलं. पुढच्या सुट्टीत मी ताईच्या सासरी गेले. तिथे सगळेच पानी म्हणणारे. म्हटलं, चला, निदान इथे तरी सुटली. पण ताईच्या तोंडून सवयीने 'पाणी' निघालं की सासू भांडं आपटायची. "आली बघा आमची मास्तरीन!" की घरभर हशा.

त्या रात्री जेवताना ताईला जोराचा ठसका लागला. तांब्या सासूजवळ होता. ताईचे डोळे भरून आले, चेहरा लाल झाला, पण तिने तोंड उघडलं नाही. रिकामं फुलपात्र उचललं आणि मला नुसतं दाखवलं.